'निसर्गाचा नियम' आणि शाल-श्रीफळ : खान्देशातल्या व्याख्यानमालांच्या संयोजकांना खुले पत्र

संयोजक मंडळींना सप्रेम नमस्कार,

आपल्याकडे थंडी पडली की दोन गोष्टी सुरू होतात : शेतातली भरिताची जेवणं आणि गावोगावच्या व्याख्यानमाला. पहिलीबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरीबद्दल आहे. पूर्वी मालेत इतिहास असायचा, संतसाहित्य असायचं, कापूस-केळीच्या भावावर कुणी पोटतिडकीने बोलायचं. आता निदान एक पुष्प 'व्यक्तिमत्त्व विकासा'साठी राखलेलं असतं. कानाला माईक लावलेला वक्ता, मागच्या पडद्यावर आधी लांडगा, मग सिंह, मग छाती बडवणारा गोरिला, आणि समोर कॉलेजातली पोरंपोरी. "विज्ञान सांगतं" असं म्हणून हे वक्ते जे सांगतात, त्याबद्दल हे पत्र आहे. त्यांना मी लिहीत नाही. ते पाकीट खिशात घालून पुढच्या गावी गेलेले असतात. त्यांना बोलावणारे तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला लिहिते.

गावाचं, मंडळाचं किंवा वक्त्याचं नाव घेत नाही, कारण भाषण एकच असतं, फक्त गाव बदलतं. मी ऐकलेल्या एका भाषणाचा मासला असा : "सातपुड्यातली वानरं बघा. पंधरा-वीस माद्या आणि मालक एक. तोच अल्फा. बाकीचे नर टोळीबाहेर. निसर्गात समता नसते. जो बळकट, तोच टिकतो. मादीने पिल्लं सांभाळायची, नराने राज्य करायचं. लाखो वर्षांचं हे गणित चार कायदे करून बदलत नाही." टाळ्या पडल्या. आभार मानणाऱ्यांनी "आज विज्ञानाची दृष्टी मिळाली" म्हटलं आणि शाल-श्रीफळ दिलं. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता. तो कधीच उरत नाही.

मी जन्मभर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. आपल्या मुलांची उत्क्रांतीशी गाठ पडते ती दहावीच्या 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या धड्यात, तीही मार्कांपुरती. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून तर उत्क्रांतीचा भाग काढूनच टाकला, त्यावर २०२३ मध्ये अठराशेहून जास्त वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी सह्या करून नाराजी कळवली होती. वर्गात जागा रिकामी राहिली की ती भरायला व्यासपीठ येतं. म्हणून त्या व्यासपीठावर कोण काय बोलतो, याला महत्त्व आहे.

वानरांपासूनच सुरू करू, कारण ती आपली आहेत. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं यावलच्या अभयारण्यात आहेत, पालला आहेत, मनुदेवीला आहेत, पाटणादेवीला तर देवळाच्या पायऱ्यांवरच भेटतात. निसवलेल्या केळीच्या बागेत टोळी शिरली की काय होतं, ते रावेर-यावलच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. लाल तोंडाची माकडं वेगळी. त्यांच्या बाबतीत आपली तापी प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसली आहे : उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेकडचं टोपीवालं माकड यांच्यातली सरहद्द म्हणून पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी सांगितली जायची. अलीकडे ऱ्हीससने ती बऱ्याच ठिकाणी ओलांडली आहे. नदीला पूल झाल्यावर माणसं थांबत नाहीत, माकडं तरी का थांबतील?

तर वानरांची टोळी. एक मोठा नर आणि पुष्कळ माद्या, हे दृश्य खरं आहे. पण त्याला 'मालक' म्हणण्याआधी थोडे दिवस तीच टोळी बघत राहावं. टोळीत जन्मलेल्या माद्या सहसा त्याच टोळीत राहतात. आजी, आई, मावशी, मुलगी, सगळ्या एकाच झाडीत. नर मात्र वयात येण्याआधीच बाहेर हाकलले जातात आणि नरांच्या वेगळ्या टोळक्यात फिरतात. त्यांतला एखादा कधीतरी जुन्या नराला पिटाळून टोळीत शिरतो आणि सरासरी दोन-अडीच वर्षांत त्यालाही दुसरा कुणी पिटाळतो. म्हणजे झाडी माद्यांची, वाटा त्यांच्या, पाणवठा त्यांचा, आणि आमच्या वक्त्यांचा 'अल्फा' हा मुदतीवरचा घरजावई. शिवाय सगळीकडे एकच नर असतो असंही नाही. नेपाळातल्या रामनगरच्या जंगलात याच वानरांच्या जवळच्या भाईबंदांच्या टोळ्यांत अनेक नर एकत्र राहतात. साधारण त्याच जातीचा प्राणी, फक्त जंगल बदललं, आणि 'निसर्गाचा नियम'ही बदलला.

"मादीने पिल्लं सांभाळायची" हेही जवळून बघण्यासारखं आहे. वानराचं नवजात पिल्लू काळसर असतं, मोठ्यांच्या करड्या रंगात ते लगेच उठून दिसतं. जन्मल्यावर काही तासांतच दुसऱ्या माद्या त्याच्यासाठी हात पुढे करतात. आई पानं खात बसते आणि पिल्लू एकीच्या पोटाला, मग दुसरीच्या. तिसरी ते उलटं धरते, ते किंचाळतं, मग चौथी ओढून घेते. अजून आई न झालेल्या तरुण माद्यांना याची भारी हौस. आईला तेवढीच चरायला फुरसत मिळते. देवळाच्या ओट्यावर बसून कुणीही बघावं. हे एकटीने पदरात पोर घेऊन बसणं नव्हे. हे काम वाटून घेणं आहे, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर चाललेलं आहे.

आता वक्ते जे सांगत नाहीत ते. नवा नर टोळीत शिरला की काही वेळा तो आधीच्या नराची अंगावर पिणारी पिल्लं मारतो. धारवाडजवळ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने हे नोंदवलं. १९७१ पासून सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकी अभ्यासिकेने अबूच्या पहाडावर हीच वानरं पाहिली आणि म्हटलं : पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते, आणि नराच्या हाती वेळ थोडा असतो, म्हणून ही वागणूक पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. काहींचं म्हणणं होतं की गर्दीमुळे बिघडलेल्या टोळ्यांतला हा प्रकार आहे. पुढे रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी झाली. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डींच्या बाजूचा तो भक्कम पुरावा ठरला.

हे पण निसर्गातलंच आहे, नाही का? मग पुढच्या पुष्पात वक्त्यांनी याचाही आदर्श घ्यायला सांगावा. नाही सांगणार. याचा अर्थ त्यांनाही ठाऊक आहे की निसर्गात एखादी गोष्ट आहे एवढ्यावरून ती करण्यासारखी ठरत नाही. मग वानरांच्या संसारातलं सोयीचं तेवढंच का उचलायचं? आणि हर्डींनी अबूला आणखी जे पाहिलं, ते तर आपल्या व्यासपीठावर कधीच येत नाही. माद्या गप्प बसत नव्हत्या. म्हाताऱ्या माद्या, ज्यांची स्वतःची पिल्लं होण्याचे दिवस संपत आले होते, त्या दुसऱ्याच्या पिल्लासाठी आपल्याहून कितीतरी दांडग्या नराच्या अंगावर धावून जात होत्या. काही माद्या बाहेरच्या नरांशीही संबंध ठेवत होत्या. हर्डींच्या मते त्यामुळे बाप कोण हे नराला कळत नाही आणि पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते. 'राज्य करणारा नर' आणि 'सोसणारी मादी' या चित्राला तडा गेला तो अशा नोंदींनी.

जाता जाता एक आकडा. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. राज्याची सरासरी ८९४ होती. जन्माआधीच मुलगी नको म्हणणाऱ्या समाजापुढे, ज्यांच्या घरी हे घडलं असेल त्यांच्या मुलांपुढे, आपण एका पाहुण्याला बोलावतो आणि तो सांगतो की नराचं राज्य हा सृष्टीचा कायदा आहे. आपण त्याला शाल देतो. संयोजक म्हणून एवढ्या एकाच गोष्टीचा विचार केलात तरी या पत्राचं काम झालं.

'अल्फा'चं सांगायचं तर थोडक्यात संपतं. तो विचार पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून आला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या असलेल्या लांडग्यांची भांडणं वर्णन केली. डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये ती कल्पना आपल्या ग्रंथातून जगभर पोहोचवली. पुढे त्यांनीच मोकळ्या जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, आणि १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची लेकरं; 'अल्फा' म्हणजे फक्त आईबाप. आपला जुना ग्रंथ छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. ज्याने शब्द पसरवला त्याने तो मागे घेतला. आमच्या पडद्यावरचा लांडगा अजून गुरगुरतोच आहे.

चिंपांझींमध्ये अल्फा नर असतो, पण कसा? नेदरलँड्समधल्या अर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल यांनी चिंपांझींची मोठी वसाहत अनेक वर्षं पाहिली. तिथे लाउट नावाचा ताकदवान नर पुढारी झाला. वय झालेला येरून आणि तरुण निकी या दोघांनी हातमिळवणी केली आणि १९८०च्या एका रात्री पिंजऱ्यात लाउटला इतकं फाडलं की तो वाचला नाही. ताकद होती, माणसं नव्हती. द वाल यांनी पुढे पुन्हापुन्हा सांगितलं की चांगला अल्फा नर भांडण सोडवतो, दुबळ्याची बाजू घेतो, मार खाल्लेल्याजवळ जाऊन बसतो, आणि असाच नर जास्त दिवस टिकतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्या कुठल्याही माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

मुळात आपल्या स्वभावाचा धडा काढायचा तर वानरांकडे जाण्याचं कारणच काय? त्यांची आणि आपली वाट अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली. "मॅडम, माकडाचा माणूस झाला तर आताच्या माकडांचा का होत नाही?" हा प्रश्न दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच. उत्तर साधं आहे : वानर आपला आजा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे. तो त्याच्या वाटेने आला, आपण आपल्या. जवळचे म्हणाल तर दोघेच, चिंपांझी आणि बोनोबो. साठ-सत्तर लाख वर्षांमागे त्यांचा आणि आपला पूर्वज एक होता. पुढे त्या दोघांची फारकत झाली. काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी राहिले, दक्षिणेला बोनोबो. दोघेही आपल्याला सारखेच जवळचे, जनुकांत सुमारे पावणेनव्याण्णव टक्के मिळते. आणि दोघांचं वागणं असं की एकाकडे बोट दाखवावं तर दुसरा खोटं पाडतो. चिंपांझींत नरांची चलती, शेजारच्या टोळीशी हाडवैर. बोनोबोंत माद्या एकमेकींना धरून असतात आणि अंगावर येणाऱ्या नराला मिळून पळवतात. दोन टोळ्या भेटल्या तर पुष्कळदा एकत्र बसून खातात.

यावर कुणी म्हणेल, बाई आता बोनोबोची पोथी वाचायला लागल्या. तसं नाही. बोनोबो नरही आपसात बऱ्यापैकी हाणामारी करतात, असं अलीकडच्या निरीक्षणांत दिसलं आहे. आणि चिंपांझींचा हिंसाचार हा माणसाने घातलेल्या केळ्यांचा परिणाम आहे, असा युक्तिवाद खूप वर्षं झाला. टांझानियातल्या गोम्बेला जेन गुडॉल १९६० मध्ये गेल्या, आणि चिंपांझी जवळ यावेत म्हणून काही वर्षं त्यांना केळी दिली जात होती. केळ्यांच्या ढिगाभोवती मारामाऱ्या वाढल्या, हे गुडॉल यांनीही पाहिलं आणि केळी देणं कमी केलं. पण २०१४ मध्ये १८ चिंपांझी समुदायांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा १५२ हत्या मोजल्या गेल्या, काही डोळ्यांदेखत घडलेल्या, काही पुराव्यावरून ठरवलेल्या, आणि त्यांचं प्रमाण माणसाच्या ढवळाढवळीवरून ठरत नव्हतं. चार बोनोबो समुदायांत मिळून फक्त एक संशयित हत्या. म्हणजे हिंसा निसर्गात आहेच. तिला मी झाकून ठेवत नाही. माझा आक्षेप एवढाच की निसर्गाच्या भांडारात सगळाच माल असतो, आणि वक्ते आत जाऊन आपल्या पसंतीचा एकच नग बाहेर आणतात.

आता मला ज्या दोन गोष्टी प्रत्येक मालेत सांगितल्या जाव्यात असं वाटतं, त्या सांगते.

पहिली केनियातली. रॉबर्ट सपोल्स्की तिथे बबून माकडांच्या एका टोळीचा अभ्यास करत होते. शेजारी पर्यटकांच्या लॉजचा उकिरडा होता. त्यावर शेजारच्या टोळीचा हक्क, आणि या टोळीतले सगळ्यांत भांडकुदळ नर रोज पहाटे तिथे घुसून लढून खात. १९८०च्या दशकाच्या मध्याला त्या उकिरड्यावरच्या दूषित मांसातून क्षय पसरला. तिथे खाणारे नर मेले. टोळीतले जवळपास निम्मे नर गेले, आणि गेले ते सगळे दांडगट. मागे माद्या आणि मवाळ नर राहिले. टोळी शांत झाली. इथवर आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे आहे. बबूनांत नर वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात, त्यामुळे दहा वर्षांत त्या वेळचा एकही नर उरला नव्हता, सगळे बाहेरून आलेले. तरी टोळीची रीत तीच राहिली. नवा नर आला की माद्या त्याला लवकर जवळ घेत, दुबळ्यावर राग काढण्याचे प्रकार कमी, आणि खालच्या नरांच्या शरीरातली तणावाची लक्षणंही कमी. दांडगाई नसलेल्या घरात नांदायला आलेला तिथली रीत शिकतो. रक्त तेच, वळण वेगळं.

दुसरी गोष्ट आपल्या माकडांची. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी हिंदुस्थानातून ४०९ ऱ्हीसस माकडं बोटीने नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या छोट्या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची नोंद ठेवलेली आहे. ऱ्हीसस म्हणजे माकडांतलं खाष्ट घराणं. वरचा-खालचा भेद कडक, खालच्याने वरच्याच्या जागेजवळ फिरकायचं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने त्या बेटावरची बहुतेक झाडं झोपवली. माकडं वाचली, पण सावली गेली. तिथलं ऊन चाळिशी ओलांडतं. अभ्यासकांना वाटलं, आता उरल्यासुरल्या सावलीवरून डोकी फुटणार.

झालं उलटं. भर दुपारी उरलेल्या झुडपाच्या, बुंध्याच्या पट्टीभर सावलीत माकडं खेटून बसू लागली. जी पूर्वी एकमेकांना जवळ येऊ देत नव्हती, तीही. नुसती घरच्यांशी जवळीक वाढली असं नाही, नवी ओळख, नवी सोबत वाढली, आणि ती काही महिन्यांत ओसरली नाही, वर्षानुवर्षं टिकली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की वादळानंतर जी माकडं जास्त जणांना सोबत बसू देत होती, त्यांची जगण्याची शक्यता जास्त होती. वादळाआधी अशा सोसून घेण्याचा जगण्याशी एवढा संबंध नव्हता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा कुठे जातो ते सांगायला नको. रस्ता रुंद करायला तोडलेल्या कडुनिंबांची जागाही सगळ्यांना माहीत आहे. 'जो बळकट तोच टिकतो' म्हणणाऱ्यांनी या बेटावरची एक दुपार समजावून सांगावी.

त्या वाक्यामागचं मूळ इंग्रजी घोषवाक्य, 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट', तेही डार्विनचं नाही, हर्बर्ट स्पेन्सरचं. १८६४ मधलं. डार्विनने ते आपल्या ग्रंथाच्या १८६९च्या पाचव्या आवृत्तीत घेतलं. आणि टिकतो तो बळकट असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. त्या वेळच्या, त्या जागेच्या परिस्थितीशी ज्याचं जमतं, तो टिकतो. सावली संपली की सावली वाटून घेणारा.

राहिला माणूस. मघाच्या हर्डींनी पुढे माणसांच्या मुलांबद्दल पुष्कळ लिहिलं. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला कुणाच्या हातात देत नाही, आणि तिला पाच-सहा वर्षांनी दुसरं होतं. माणसाचं मूल त्याहून कितीतरी जास्त दिवस परावलंबी. ते मोठं व्हायला कोटीच्या वर कॅलरी लागतात. तरीही शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत तीन-चार वर्षांनी पुढचं मूल होतं. एकट्या आईला हे झेपणारच नव्हतं, म्हणून माणूस जातच अनेक हातांनी मुलं वाढवणारी झाली, असं त्या मांडतात. क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांत पाहिलं की कडक जमिनीतून कंद खणून काढण्यात म्हाताऱ्या बायका तरुणींना हार जात नाहीत. आई नव्या बाळात गुंतली की थोरल्या नातवंडांचं पोट आजीच्या कंदांवर. ऋतुनिवृत्तीनंतरही बाई एवढी वर्षं का जगते, या कोड्याचं एक उत्तर त्यांनी यात शोधलं. मुलगी नोकरीला लागली, सुनेने दुकान टाकलं म्हणून मुलं वाऱ्यावर पडली असं सांगणाऱ्या वक्त्याने आधी चौकशी करावी की तो स्वतः लहानपणी कुणाकुणाच्या कडेवर होता.

आणि पुढाऱ्याबद्दल. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात शिकारीवर जगणाऱ्या सान लोकांत मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली राहत होते. नाताळला म्हणून त्यांनी गावातला सगळ्यांत धिप्पाड बैल घेतला. सगळ्यांनी त्यांना हसून बेजार केलं : ही हाडं आणलीस होय, यात काय कुणाचं भागणार? बैल कापला तर बोटभर चरबी. नंतर ली यांना कळलं की हे प्रत्येक चांगल्या शिकाऱ्याचं करतात. मोठी शिकार आणणारा मनात मोठा होतो, आणि मोठा झालेला उद्या कुणाचा जीव घेईल. म्हणून त्याचं मांस हिणवायचं आणि त्याचं मन थंड करायचं. मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बोम यांच्या मते हजारो वर्षं आपले पूर्वज अशाच लहान गटांत राहिले, जिथे डोईजड होणाऱ्याला बाकीचे मिळून टिंगलीने, अबोल्याने आणि वेळ पडली तर त्याहून कडक उपायाने जमिनीवर आणत. आपल्या पारावर, चावडीवर, चहाच्या टपरीवर अहिराणीत पुढाऱ्यांची जी रेवडी उडते, ती मी तेव्हापासून फार आदराने ऐकते. 'अल्फा'पेक्षा ती जास्त जुनी, जास्त माणसाची आहे.

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे आपल्याला भास्कराचार्यांमुळे आणि देवीमुळे माहीत. तिथेच १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि आडव्या-तिरप्या रेघा कोरलेला कवचाचा तुकडा. वय सुमारे २५ हजार वर्षं. तेव्हा आपल्याकडे शहामृग होते! मण्याने पोट भरत नाही आणि मण्याने कुणाचं डोकंही फुटत नाही. तो दुसऱ्याने बघावा म्हणून घालायचा, किंवा दुसऱ्याला द्यायचा. कालाहारीत असेच कवचाचे मणी लांबलांबच्या सोयऱ्यांना भेट देत, म्हणजे दुष्काळात त्यांच्या पाणवठ्यावर जाता येई. खान्देशातल्या माणसाची इतकी जुनी खूण हाताशी असताना आपण पोरांना परदेशी लांडग्याचा फोटो दाखवतो.

आता मागणं. वक्ता ठरवताना, भाषणात प्राणी येणार असतील तर फोनवर तीन गोष्टी विचारा : कुठला प्राणी, कुणी पाहिला, कुठे पाहिला. ज्याला सांगता येत नाही त्याने खुशाल आपला अनुभव सांगावा, यशाच्या गोष्टी सांगाव्यात, पण "विज्ञान सांगतं" म्हणू नये. अर्धा तास प्रश्नांना ठेवाच, मग सत्कार एखादा कमी झाला तरी चालेल. मुली माईकपाशी उठून येत नाहीत, त्यांच्यासाठी चिठ्ठ्या फिरवा. आणि जमलं तर एका पुष्पाचं मानधन वाचवून त्या पैशात एक एसटी ठरवा. पाटणादेवीला घेऊन चला. वानरं कशी बघायची आणि काय टिपायचं ते दाखवायला मी येईन, मला पाकीट नको. ऊन चढायच्या आत पोहोचायला हवं, नंतर टोळी झाडीत आत जाते. पोरांना वही-पेन आणायला सांगा. केळी आणि फुटाणे कुणालाही आणू देऊ नका, नाहीतर बघायला फक्त मारामारीच मिळेल.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
चाळीसगाव